सदतीस मुठी मीठ

"हे मी सांगितलं तर इथल्या एकाचाबी विश्वास बसायचा नाय," माईक हातात येताच पुंजारामनं पहिलं वाक्य टाकलं. "आन् बसू बी देऊ नका. विश्वास बसला की माणूस पेंगतो."

सभागृह हसलं. तोवर ते खरंच पेंगत होतं. संभाजीनगरातल्या, म्हणजे कागदोपत्री तेव्हाच्या औरंगाबादेतल्या, एका कॉलेजात तीस-बत्तीस वर्षं समाजशास्त्र शिकवून उमाबाई निवृत्त होत होत्या. त्यांच्या निरोपाला आधी तीन भाषणं झाली होती. तिन्हींत 'सामाजिक संरचना' इतक्या वेळा आली की पुंजारामला वाटलं, ही बाईंची कुणीतरी थोरली बहीण असावी आणि तिला कार्यक्रमाला बोलवायचं राहून गेलेलं असावं.

पत्रिकेवर त्याच्या नावापुढं 'दोन शब्द' असं छापलेलं होतं. पंच्याहत्तरीला टेकलेल्या पुंजारामनं आयुष्यात दोन शब्दांवर कधी भागवलं नव्हतं. पण आज अडचण होती. दुसऱ्या ओळीत, बरोब्बर समोर, अनसूयाबाई बसली होती. येताना जीपमध्येच तिनं बजावलं होतं, "पुंजारामभाऊ, पदरचं काय घालू नका. मी हाय तिथं."

पुंजारामनं तिच्या डोक्यावरच्या पंख्याकडं नजर लावली आणि सुरू केलं.

एकाहत्तर सालचा उन्हाळा. निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या वर्षी ज्याला मिसरूड फुटलं होतं तो पुंजाराम त्या वेळी ऐन उमेदीत होता. पैठणला धरण बांधून होत आलं होतं आणि त्याच्या वरच्या अंगाला गोदाकाठी असलेली मोहरवाडी पाण्याखाली जायची होती. गाव उठणार, माळावर नवं गावठाण वसणार. पुंजारामच्या घरी पिढीजात दोन कामं, हजामत आणि आवतण. वस्तऱ्याखाली माणूस हलत नाही, पण बोलतो. म्हणून गावातली कुठलीही बातमी आधी पुंजारामला कळायची आणि मग ज्याची त्याला.

अशा गावात एक दिवस दुपारच्या यष्टीतून उमा उतरली. बावीस वर्षांची, दोन वेण्या, खांद्याला शबनम आणि छातीशी छापील कागदांचं एवढं मोठं बाड. औरंगाबादच्या नागेश्वरवाडीतल्या कारकुनांच्या घरातली पोर. त्यापूर्वी गाव तिनं यष्टीच्या खिडकीतूनच पाहिलेलं. सरपंच तात्यासाहेबांनी तिची उतरायची सोय आपल्या घरी केली आणि पुंजारामला फर्मान सोडलं, "उद्या उजाडताच बाईंना घरं दाखव. सव्वाशे उंबरे हायेत. एक बी सुटता कामा नये."

उमाला कॉलेजच्या पाहणीसाठी मोजायची होती घरं. पण घर म्हणजे काय? तिच्या प्रोफेसरांनी सांगून ठेवलेलं, एका चुलीवर जेवतात ते एक घर. त्यामुळं प्रत्येक दारात तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्या चुलीवर किती माणसं जेवतात?" आकडा लिहायचा आणि निघताना सांगायचं, "काही राहिलं असेल तर संध्याकाळी मी मारुतीच्या पारावर बसणार आहे, सगळ्यांनी या."

आता मोहरवाडीची रीत ऐका. तिथं आवतण दोन जातींचं. एक घरटी, म्हणजे घरामागं एकानं जेवायला जायचं. दुसरं चूलबंद. त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही; म्हातारं, तान्हं, आलेला पाव्हणा, सगळ्यांनी पंगतीला. चूलबंद आवतण द्यायला पुंजाराम जायचा तेव्हा उंबऱ्यावर उभा राहून एकच विचारायचा, "चुलीवर ताटं किती?" म्हणजे यजमानाला पिठाचा अंदाज यावा. आणि मग सांगायचा, सांजच्याला कुठं जमायचं ते.

म्हणजे दारात पुंजाराम उभा, बरोबरची बाई चुलीवरची ताटं मोजते आहे, लिहून घेते आहे आणि सांजच्याला मारुतीच्या पारावर या म्हणते आहे. मोहरवाडीत ह्याला दुसरं काही म्हणतच नव्हते.

पुंजारामचं म्हणणं असं की त्याच्या हे ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या घरी म्हातारीनं विचारलं, "कशापायी वो घालताय जेवण?" तेव्हा त्याला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं. सातव्या घरी एकानं विचारलं, "गोड काय हाय?" तेव्हा त्याला वाटलं, ह्याची चेष्टा चालली आहे.

दुसऱ्या ओळीत अनसूयाबाई खोकली.

पुंजारामनं घोटभर पाणी प्यायलं आणि कबूल केलं की सातव्या घरी थोडासा संशय आला होता.

आठवं घर भागूबाईचं. ओसरीच्या मधोमध तुरकाठ्यांचा कूड, शेणानं सारवलेला. कुडाच्या अलीकडं थोरला बद्रीनाथ आणि त्याची बायको वच्छलाबाई, पलीकडं धाकटा वैजनाथ आणि त्याची बायको अनसूया. दोन चुली. भागूबाई पंधरवडाभर अलीकडं जेवायची, पंधरवडाभर पलीकडं. अमावास्या-पुनवेला ताट-तांब्या उचलून कूड ओलांडायची.

"चूल कधी वेगळी झाली आजी?" उमानं विचारलं.

"तीन वर्सं झाली शिमग्याला."

"का झाली?"

"का म्हंजी? धाकटीनं फोडलं घर." भागूबाईचा आवाज असा की नदीपलीकडच्या गावानंही लिहून घ्यावा. "सोन्यासारखं घर व्हतं."

कुडापलीकडं भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

उमा पलीकडं गेली तेव्हा अनसूया परातीतल्या पिठाकडं बघत बसली होती. ताटं किती विचारलं, तिनं सांगितली. चूल का वेगळी झाली विचारलं, तर तिनं पीठ परातीच्या कडेला सारलं. मग म्हणाली, "आक्कांच्या हातची आमटी व्हती. मी म्हनले, आक्का, मीठ कमी पडलं. येवढंच. दुपारी बोलले, आन् सांजच्याला भावजींनी हा कूड उभा केला."

"एवढ्यावरून?"

"येवढ्यावरूनच. तवापासून आक्का बोलत नाय. गावात कुनाचं लगीन निघालं तर नवरीची वटी भरायला मला बलवत नाय. हिचा हात लागला तर ते बी घर फुटंल म्हंत्यात." तिनं पदरानं कपाळ पुसलं; पीठ कपाळाला लागलं. "बाई, मी रोज इचार करते. मिठाच्या एका खड्यानं घर फुटतंय का वो? तुमी शिकल्याल्या. तुमच्या कागदात बघून सांगा. फुटत असंल तर माझा गुन्हा. मग मी बोलनार नाय."

उमानं कागदात बघितलं. तिथं रकाने होते: वय, शिक्षण, जमीन, गुरं. मिठाचा रकाना नव्हता. "आज नाही सांगता यायचं वहिनी," ती म्हणाली. "सगळी घरं होऊ देत."

तिचे प्रोफेसर म्हणायचे, एका माणसाला त्याच्या दुःखाचं कारण विचारलं की तो शेजाऱ्याचं नाव सांगतो, नाहीतर स्वतःचं. शंभर जणांना विचारा, मग दोन्ही नावं गळून पडतात. उमानं हे वाक्य परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. खरं आहे का, हे कधी तपासलं नव्हतं.

त्या दिवशी ती घरं करत गेली आणि एक चमत्कार दिसायला लागला. फुटलेल्या चुलीच्या प्रत्येक घरी उत्तर तेच, धाकटीनं फोडलं. कारण मात्र दर घरी नवं. एकीनं जावेची घागर विहिरीत सोडली होती. एकीच्या मांजरानं दूध सांडलं होतं. एकीनं मागितलेलं सूप दोन दिवस उशिरा परत केलं होतं. एक तर नुसती हसली होती, नेमकी सासरा घसरून पडला तेव्हा. आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त आपल्याच घरात झालं, आपल्याच चुकीनं झालं. लाजेनं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. उमाचं पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

दिवस कलला तेव्हा पुंजाराम वेशीजवळच्या उंचवट्यावर चढला आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. अख्ख्या मोहरवाडीत एका चुलीचाही धूर नव्हता. सव्वाशे उंबरे आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ! पुंजाराम सांगतो, तो तसाच धावत उमाला सावध करायला निघाला.

अनसूयाबाई पुन्हा खोकली, या वेळी जरा मोठ्यानं.

बरं, आधी घरी गेला. बायकोला म्हणाला, "आपली बी पेटवू नको."

उमा पारावर येऊन बघते तर समोर गाव. अंघोळी करून, डोक्याला तेल लावून, पोरांना धुतलेले सदरे घालून, हातात तांबे घेऊन माणसं रांगेनं मांडी घालून बसलेली. खेड्यात लोक माहिती द्यायला कचरतात, असं पुस्तकात लिहिलेलं. इथं तर पाणी प्यायचे तांबे घेऊन आले होते, म्हणजे रात्र झाली तरी माहिती देत बसायची तयारी. ती उठून म्हणाली, "तुम्ही सगळे इतक्या आपुलकीनं आलात..."

"आपुलकी ऱ्हाऊ द्या बाई," पुढच्या रांगेतला म्हातारा म्हणाला. "पत्रावळी कुठायत?"

मग काय झालं ते पुंजारामला नीट आठवत नाही, कारण तात्यासाहेबांनी त्याचं मानगूट धरलेलं होतं. उमा पांढरीफटक पडली. तिच्या शबनममध्ये अर्धा बिस्किटपुडा होता. तात्यासाहेबांनी आधी पुंजारामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग गावाच्या इज्जतीचा प्रश्न हातात घेतला. "मारुतीच्या पारावरून मोहरवाडीचा माणूस उपाशी उठायचा नाय! ज्यानं त्यानं घरचं पीठ, डाळ, गूळ आणा. चर खणा. आज सगळ्या गावाची एकच चूल."

माणसं उठली. चर खणला गेला तो केवढा? पुंजारामच्या हिशेबानं पारापासून नदीपर्यंत. एका टोकाला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी उकळत होती तेव्हा दुसऱ्या टोकाला अजून लाकडं फोडत होते, आणि मधली माणसं बट्ट्या भाजायला घोड्यावरून ये-जा करत होती. (खोकला.) असो, मोठा चर होता.

पण चर पेटला तशी पंचाईत झाली. चूल फुटलेल्या सदतीस घरच्या थोरल्या जावा चराच्या एका अंगाला, धाकट्या दुसऱ्या अंगाला. तीन वर्षांत ज्या एका चुलीपाशी बसल्या नव्हत्या, त्या एकाच चुलीपाशी कशा बसाव्यात? अनसूया डाळीचं पातेलं घेऊन पुढं आली तेव्हा भागूबाईनं काठी आडवी धरली. "येसरला हात लावायचा नाय. माझं घर फोडलंस ते फोडलंस, आता गाव फोडतीस का?"

सगळं गाव ऐकत होतं. अनसूया पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. ना पुढं, ना मागं.

उमाच्या हातात त्या वेळी काय होतं? कागद. आणि कागदांनी कुणाचं पोट भरत नाही. म्हणून तिनं ते वाचायला घेतले. पारावर चढली आणि सुरू झाली.

"मी नावं घेणार नाही. एका घरी मिठावरून चूल वेगळी झाली. एका घरी घागरीवरून. एका घरी मांजरावरून. सुपावरून. हसण्यावरून. मी आज सदतीस फुटलेल्या चुली मोजल्या. त्याआधीच्या दहा वर्षांत ह्या गावात चुली फुटल्या होत्या फक्त चार. आणि ह्या सदतीस सगळ्या तीन वर्षांमागच्या शिमग्यापासून पाडव्यापर्यंत फुटल्या. पंधरा दिवसांत." तिनं चष्मा सारखा केला. "पंधरा दिवसांत गावातल्या सदतीस सुना एकदम वाईट निघाल्या, असं कसं हो होईल?"

चरातलं लाकूड तडकलं. मग धाकट्यांच्या बाजूनं एक आवाज आला, "आगं, मांजर तुझं व्हय?"

"व्हय. तुझं गं?"

"सूप."

"सूप? मला वाटलं माझं येकटीचंच बारीक हाय!"

आधी एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. मग त्या अंगाला हशाची अशी लाट उठली की थोरल्या जावाही पदर तोंडाला लावून खुसखुसायला लागल्या. पुरुष मात्र सगळे जमिनीकडं बघत होते, जणू कुणाचं काही हरवलं होतं.

भागूबाई हसली नाही. ती काठी टेकत बद्रीनाथसमोर जाऊन उभी राहिली. "बद्री, त्या शिमग्याला काय झालं व्हतं रं?"

बद्रीनाथनं वैजनाथकडं पाहिलं. वैजनाथनं तात्यासाहेबांकडं. हळूहळू गावातल्या सगळ्या कर्त्या पुरुषांच्या माना तात्यासाहेबांकडं वळल्या. तात्यासाहेबांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं.

"पैठणला ऐकलं व्हतं मी," ते म्हणाले. "नव्या गावठाणात चुलीमागं एक प्लॉट. जेवढ्या चुली तेवढे प्लॉट. मोजणीवाला शिमग्यानंतर येनार म्हनले. म्हनून मी चार जनांच्या कानावर घातलं."

"पैठणला कुणी सांगितलं?" उमानं विचारलं.

"यष्टी स्टँडवर. च्या पेताना. कोन व्हता ते ध्यानात नाय."

"मोजणीवाला आला?"

"अजून नाय."

बद्रीनाथ खाली मान घालून पुटपुटला, "आये, कूड घालायचा व्हता. पन कारन तर पायजे. उगंच कसं वेगळं व्हायचं? आमी दोघं वाटच बघत व्हतो, कवा घरात शब्द व्हतोय. त्या दिवशी मिठाचा झाला."

"आन् मला सांगितलं नाय?"

"तू मोजणीवाल्याला च्या पाजून समदं सांगून टाकलं असतंस."

भागूबाईनं क्षणभर विचार केला. "सांगितलं असतंच," ती म्हणाली आणि त्याच दमात काठी बद्रीनाथच्या पोटरीवर बसली. वैजनाथची वाचली नाही.

अनसूया अजून पातेलं धरून उभी होती. "बाई," तिनं हळूच विचारलं, "म्हंजी मिठानं फुटलं नाय?"

"नाही वहिनी. कूड आधीच ठरला होता. मीठ नुसतं हाताशी सापडलं."

अनसूयानं पातेलं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा बसली, मटकन, जमिनीवरच. तीन वर्षं उभी असल्यासारखी. वच्छलाबाई चराला वळसा घालून आली. पदराच्या टोकानं तिनं अनसूयाच्या कपाळावरचं पीठ पुसलं. सकाळपासून तिथं होतं ते. "खरं सांगू का," ती म्हणाली, "त्या दिवशी मीठ कमीच व्हतं."

भागूबाईनं घसा साफ केला. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा त्याच आवाजात ती ओरडली, "अनसूये! ऊठ. आमटीत मीठ तू घालायचं. माझी धाकटी घालंल मीठ, दुसऱ्या कुनी हात लावायचा नाय!"

अनसूया उठली. मिठाच्या मडक्यात हात घातला. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती. दोन्ही एकदम करणारी बाई पुंजारामनं तोवर पाहिली नव्हती. तिनं मूठ आमटीत सोडली.

इथवर ठीक होतं. पण बाकीच्या छत्तीस सासवा काय गप्प बसणाऱ्या होत्या? "आमची धाकटी काय रस्त्यावरची हाय व्हय?" असं म्हणत एकीनं आपली पुढं ढकलली. मग दुसरीनं. घागरवाली आली, मांजरवाली आली, सूपवाली आली. छत्तीस जणी पदर खोचून, नाकं पुसत, एकमेकींना कोपरं मारत, हसत आल्या आणि प्रत्येकीनं मानाची एकेक मूठ त्या आमटीत सोडली. सदतीस घरफोड्या, सदतीस मुठी.

सभागृहात आता कुणीच पेंगत नव्हतं. उमाबाई टेबलाशी डोळ्यांना रुमाल लावून बसल्या होत्या. माईकची घुरघुर तेवढी ऐकू येत होती. पुंजारामला ह्या शांततेची चव ठाऊक होती. इथं एखादं भारी वाक्य टाकून खाली बसायचं असतं. पंख्यावरची नजर त्यानं अजून वर नेली, थेट छताला.

"मंडळी," तो म्हणाला, "विश्वास बसायचा नाय, पन शपथेवर सांगतो. सदतीस मुठी मीठ पडूनसुद्धा ती आमटी अशी बेताची, अशी गोड झाली, की तसली चव मोहरवाडीनं त्याच्या आधी घेतली नाय आन् पुढं..."

"खोटं!" दुसऱ्या ओळीत अनसूयाबाई ताडकन उभी राहिली. "साफ खोटं! जिभेला लावू देत नव्हती आमटी. आन् तरी पातेलं चाटूनपुसून संपवलं समद्यांनी, ते कुनी न्हाई सांगायचं. तुमी सोता तीन वाट्या पिऊन नदीवर पालथे पडले होता पानी प्यायला, पुंजारामभाऊ! बसा खाली!"